खान्देशात डायनासोर होते का?

"गुरुजी, आपला खान्देशमा डायनासोर व्हतात का?" चाळीसगावच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, जुने विद्यार्थी भेटले की हा प्रश्न येतोच.

असतीलही, पण त्यांची हाडं आपल्या काळ्या पाषाणात शोधू नका. तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा आहे, आणि हाड टिकतं गाळात. तसा गाळ सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात उघडा पडलाय. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेतात सापडलेले गोल दगड लोक 'काकड भैरव' म्हणून पूजत होते. ती डायनासोरची अंडी निघाली!

मला विचाराल तर आपला मानाचा प्राणी शहामृग. चाळीसगावजवळ पाटणादेवीला दर्शनाला जाता ना, त्याच पाटण्याला 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. कवच फोडायचं, गारगोटीच्या टोकानं भोक पाडायचं, कडा घासघासून गोल करायच्या. एका मण्याला किती वेळ लागला असेल! ज्यानं तो केला त्यानं शहामृग आपल्या डोळ्यांनी पाहिला असणार, हे वर्गात सांगताना माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा. पुढे 2017 साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशाच कवचांमधून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला.

"मेलेलंच सांगता, जिवंत काय?" असंही कुणी विचारतं. मग मी बांधावरचं ढेकूळ उचलून हातात देतो. मिरगाचा पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा. बुरशीसारखे धागे काढतात, म्हणून पूर्वी त्यांना बुरशीच समजत. त्या वासानं मातीतले बारीक, उड्या मारणारे किडे येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन पुढे पसरवतात.

1943 साली याच कुळातल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध. माझ्या आजोबांना त्याची इंजेक्शनं दिली होती. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी कपाशी लावली.