आमच्या मेसचा गोबरगॅस

मी रसायनशास्त्र शिकवते. पदवीच्या मुलांना पर्यावरणाचा पेपर सक्तीचा आहे, एम. सी. मेहता खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशातून तो आला. तो पेपरही माझ्याकडेच. वर्गात ओला-सुका कचरा शिकवायचा आणि दुपारी वसतिगृहाच्या मेसमागे खरकट्याची पिंपं प्लास्टिकसकट घंटागाडीत उलटी होताना बघायची, असं चार वर्षं चाललं. एकदा एका मुलीने तिथेच उभं राहून विचारलं, "मॅडम, आपण का नाही करत वेगळं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुरुवात वजनकाट्यापासून केली. महिनाभर तिघी मुली रोज दोन्ही वेळचं खरकटं तोलायच्या. ताटातलं वेगळं, भाजी निवडतानाचं वेगळं. १८० मुलींच्या मेसमध्ये रोज सरासरी ४८ किलो. मेसमधल्या मावशी पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "बुधवारी दुधी असतो, त्या दिवशी पिंप भरतंच बघा." वहीतही तेच निघालं. रेक्टरबाईंनी बुधवारची भाजी बदलली, पोळ्या मागतील तशा वाढायला सांगितल्या, आणि आकडा ४० वर आला. एक रुपया खर्च न होता. संस्थांनी सगळ्यात आधी हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

उरलेल्या खरकट्यातून मेससाठीच गॅस करणारं संयंत्र बसवायचं ठरवलं, आणि पुढचं वर्ष त्याच्या मंजुरीच्या कागदांत गेलं. २०१६च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक धरलं होतं. आमचा सगळा आवार धरूनही तेवढा होत नव्हता, म्हणून पहिला शेरा आला: "नियम लागू नाही, आवश्यकता स्पष्ट करावी." मग तीन कोटेशनं. मग खर्च अंदाजपत्रकाच्या कोणत्या हेडखाली टाकायचा? प्रयोगशाळा साहित्य म्हणून नाही, इमारत दुरुस्ती म्हणूनही नाही. फाइल दोनदा परत आली. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, ग्रीन ऑडिट (पर्यावरणाची तपासणी) झालेलंच आहे, मग हे कशाला, असंही कुणी म्हणालं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण त्या ऑडिटमध्ये कचऱ्याचं वजन कुठेच नव्हतं.

शेवटी कामी आला तो गॅसचा हिशोब. ४० किलो खरकट्यातून रोज साधारण ४ घनमीटर गॅस धरला. एक घनमीटर म्हणजे जवळपास ४५० ग्रॅम एलपीजी. म्हणजे १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर दहा-अकरा दिवसांत वाचतो. प्राचार्यांनी तो कागद नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "सुट्टीत याला खायला कोण घालणार?" इतक्या बैठकांत हे कुणीच विचारलं नव्हतं. माळीकाकांच्या कामाच्या आदेशात रोजचा अर्धा तास लेखी घातला, तेवढा वेळ बागेच्या कामातून कमी केला, आणि अंदाजपत्रकात देखभालीचं वेगळं हेड उघडलं. मंजुरी त्यानंतर आली.

तरंगत्या टाकीचं संयंत्र बसवलं. आधी नुसता शेणकाला भरला, मग थोडंथोडं खरकटं. सुमारे तीन आठवड्यांनी शेगडीवर निळी ज्योत धरली तेव्हा मावशींनी तिला हळदीकुंकू वाहिलं. दोन महिन्यांनी गॅस पेटेना. टाकीजवळ आंबूस वास. वार्षिक संमेलनानंतर उरलेला दहीभात आणि सरबताच्या लिंबांची सालं एकाच दिवशी आत गेली होती. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी लावली तर ५.८, म्हणजे आतलं फारच आंबट झालेलं. मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करणारे जिवाणू ६.५ च्या खाली मंदावतात, हे मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. मुलींनी आठ दिवस खाद्य बंद ठेवलं, रोज थोडी चुन्याची निवळी आणि ताजा शेणकाला घातला, पट्टीचा रंग वहीत चिकटवत गेल्या. नवव्या दिवशी ज्योत धरली. त्या वहीवर तिघींचा प्रकल्प झाला.

बाहेर पडणारी मळी माळीकाका पातळ करून नारळांना घालतात. या मे महिन्यात वसतिगृह रिकामं होतं, तर ते कर्मचारी वसाहतीतून रोज दोन बादल्या खरकटं गोळा करायचे. जूनमध्ये मेस उघडली त्या सकाळी पहिला चहा त्याच शेगडीवर झाला.