सहाव्या आठवड्यातलं हाड

कॅडेट आला होता फोडावर पट्टी लावून घ्यायला. दुसऱ्या दिवशी पहाटे ३० किलोमीटरचा रूट मार्च होता, पाठीवर २० किलोंचा पिट्टू आणि वर रायफल. अशा मार्चच्या आदल्या संध्याकाळी लष्करी अकादमीतल्या आमच्या एमआय रूमबाहेर, म्हणजे दवाखान्याबाहेर, रांग लागतेच: फोड, रुतलेली नखं, पट्ट्याने सोललेले खांदे. फोडाचं काम ठरलेलं असतं. लहान असेल तर हात लावायचा नाही. ताणून भरला असेल तर कडेला निर्जंतुक सुईने भोक पाडून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची आणि चिकटपट्टी सुरकुती न पडू देता बसवायची. सुरकुती राहिली की काही किलोमीटरांतच तिच्या कडेला नवा फोड उठतो.

या कॅडेटचा फोड मला पटेना. बुटाने होणारे फोड बहुधा टाचेला किंवा चवड्याखाली येतात, आणि थोड्याफार फरकाने दोन्ही पायांना. याला फक्त उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला मोठा फोड होता, डावं पाऊल कोरं. म्हणजे गडी डाव्या पायावर वजन टाकत नव्हता. त्याला अनवाणी दारापर्यंत चालायला सांगितलं. मान ताठ, हात व्यवस्थित, पण डावा पाय टेकला की धड डावीकडे झुकायचं आणि पाय घाईने उचलला जायचा.

"जांघेत दुखतंय का?"

"थोडंसं, सर. स्नायू आखडलाय."

कधीपासून, हे मात्र तो सांगेना. सोबत आलेला कोर्समेट म्हणाला, "तीन आठवडे झाले, सर. रोज रात्री गोळी घेतो."

टेबलावर झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवले आणि पाय हळूच आत फिरवला. जांघेत कळ आली. पाय सरळ ठेवून लाटण्यासारखा नुसता इकडून तिकडे फिरवला, तरी कळ. बाहेरून दाबून पाहिलं तर कुठेच दुखत नव्हतं. स्नायू ताणला असेल तर बोटाखाली नेमकी जागा सापडते. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यातल्या गोळ्याखालचा अरुंद भाग, स्नायूंच्या खूप आत असते, तिथवर बोट पोचत नाही. एका पायावर उडी मारायला लावायची चाचणी बरेच जण करतात. नडगीसाठी ती ठीक आहे. खुब्याचा संशय असताना ती करूच नये, कारण तडकलेलं हाड त्या एका उडीत सरकू शकतं.

एक्स-रे साफ आला. या दोन शब्दांनी आजवर जितकं नुकसान केलं आहे तितकं क्वचितच कशाने केलं असेल. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून हाडाला गेलेला तडा, सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज लवकर कळते. तरीही "एक्स-रे साफ आहे, मार्च करू द्या" असं मला त्या संध्याकाळी एका ट्रेनिंग अधिकाऱ्याने सुचवलं. मी कॅडेटला स्ट्रेचरवर घालून, पाय जमिनीला न लावू देता, मोठ्या रुग्णालयात पाठवलं. एमआरआयमध्ये मानेच्या वरच्या बाजूला तडा स्पष्ट दिसला. रात्रीच शस्त्रक्रिया करून तीन स्क्रू बसवले.

वरची बाजू की खालची, यावर सगळं ठरतं. शरीराचा भार पडतो तेव्हा मानेची खालची बाजू दाबली जाते आणि वरची ताणली जाते. खालच्या बाजूचा तडा मानेच्या अर्ध्या रुंदीपेक्षा कमी असेल तर बहुधा कुबड्या, काही आठवडे पायावर अजिबात भार नाही आणि पुन्हापुन्हा तपासणी एवढ्यावर भागतं. वरच्या बाजूचा तडा उघडत जातो. तो सरकला की हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या तुटण्याचा धोका असतो. मग गोळा मरतो, आणि विशी-बाविशीतल्या मुलाला कृत्रिम खुबा बसवायची वेळ येऊ शकते. ड्रिलचं पाऊल ३० इंची धरलं तर ३० किलोमीटरला सुमारे ४० हजार पावलं होतात, म्हणजे प्रत्येक पायाला २० हजार. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. पिट्टू त्यात भर घालतो. हा हिशेब त्या अधिकाऱ्यासमोर मांडल्यावर तो गप्प बसला, पण पटल्यासारखा दिसला नाही.

हा मुलगा कच्चा नव्हता, म्हणून ही केस माझ्या डोक्यातून जात नाही. आधी फारसं न पळालेल्या मुलांना धोका जास्त असतो हे खरं आहे. पण हा पहिल्या पाच धावणाऱ्यांत होता. त्याचं काय झालं ते समजायला हाडाचं वेळापत्रक समजायला हवं. भार एकदम वाढला की हाड आधी स्वतःला पोखरतं, थकलेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरायला लागतात तीनेक आठवडे. भरायला साधारण तीन महिने. अधल्यामधल्या काळात हाड पहिल्यापेक्षा कमजोर असतं. हृदय आणि फुप्फुसं याच काळात झपाट्याने सुधारतात. कॅडेटचा दम वाढतो, पळण्याची वेळ कमी होते, शिकवणारा उस्ताद शाबासकी देतो, आणि नेमका तेव्हाच भार वाढवला जातो. आमच्याकडे वजन घेऊन पहिला लांब मार्च सहाव्या आठवड्यात होता. याहून वाईट आठवडा शोधूनही सापडला नसता.

त्यात थकवा. कुल्ल्याचे स्नायू आकसतात तेव्हा मानेच्या वरच्या बाजूचा ताण कमी होतो. ते थकले की तो सगळा ताण हाडावर येतो. म्हणून पहिल्या पाच किलोमीटरपेक्षा शेवटचे पाच जास्त धोक्याचे. पथकात उंच मुलं पुढे ठेवली तर मागचे बुटके पाऊल ताणून चालतात आणि त्यांच्या कमरेच्या हाडांना तडे जातात. ऑस्ट्रेलियन सैन्याने १९९० च्या दशकात महिला रिक्रूटांच्या मार्चचा वेग ताशी साडेसात किलोमीटरवरून पाचवर आणला, ज्याला त्याला आपलं पाऊल ठेवू दिलं, आणि हे तडे जवळजवळ थांबले. इस्रायली सैन्यात किमान सहा तास झोप बंधनकारक केली आणि मार्चचा एकूण भार उतरवला, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चरं निम्म्याहून कमी झाली. हा आजारही नवा नाही. मार्चनंतर सुजणाऱ्या पावलांचं वर्णन प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने १८५५ मध्येच केलं होतं.

मग कमी झोप, कमी जेवण, अंधारात नकाशा वाचायला लावणं हे सगळं बंद करावं का? अजिबात नाही. पहाटे तीनला, भिजलेल्या कपड्यांत, उपाशीपोटी तीस माणसांसाठी निर्णय घेणं हेच या मुलांचं काम असणार आहे. झोप तुटली की ताकद बराच वेळ टिकते, आधी जाते ती नजर आणि सारासार विचार. ग्रिडचे आकडे उलटे वाचले जातात, टेकडीची सोंड आणि नाळ यांत गोंधळ होतो, ठरलेला बेत चुकतोय हे दिसूनही माणूस तोच रेटतो. हे स्वतःच्या बाबतीत ओळखायला अकादमीतच शिकलं पाहिजे. पण झोप तोडायचे दिवस आणि हाडावर भार टाकायचे दिवस एकाच आठवड्यात कशाला हवेत? नकाशावाचन पिट्टूशिवायही तितकंच अवघड असतं. पोटात किती जातंय हेही पाहायला हवं. जेवायला वीस मिनिटं, त्यातली पाच रांगेत. खर्च चार हजार कॅलरींच्या वर. खाणं कमी पडून मुलींची पाळी थांबते तेव्हा निदान काही विचारलं तरी जातं. मुलांचं वजन उतरलं की "छान, बारीक झाला" म्हणतात.

खरी अडचण लपवण्याची आहे. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त ट्रेनिंग बुडालं की कॅडेट पुढच्या कोर्सला ढकलला जातो. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, आणि त्याच दिवशी तो दुखणं लपवायला शिकतो. वेदनाशामक गोळ्या बॅरेकमध्ये हातोहात फिरतात. त्या दुखणं झाकतात, आणि घामाने कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडालाही धोका करतात. या कॅडेटची रायफल रात्रीच्या सरावांत कोर्समेट आळीपाळीने वाहत होते. अख्ख्या सेक्शनला ठाऊक होतं. त्यांच्या मते ते त्याला सांभाळत होते, आणि त्यांच्या मैत्रीला मी नावं ठेवणार नाही. पण उद्या प्लाटूनमधला एखादा जवान असाच लंगडत असेल तर लेफ्टनंटने त्याला गाठून विचारावं अशी आपली अपेक्षा असते. ती सवय त्याने कुठे लावून घ्यायची? जुने उस्ताद हे जाणतात. ते रांगेच्या मागून चालतात आणि बुटांच्या आवाजावरून ओळखतात की कोणाचा पाय हलका पडतोय. मला जास्त त्रास होतो तो तरुण अधिकाऱ्यांचा, जे आपण स्वतः मोडका पाय घेऊन कसे पळलो ते अभिमानाने सांगतात. समोरचे ऐकतात आणि तसंच करतात.

मी लेखी मागण्या दिल्या आहेत. चौथ्या ते आठव्या आठवड्यात वजनाचा मार्च नको. पिट्टू किंवा अंतर यांपैकी एका वेळी एकच वाढवा. रोज सहा तास सलग झोप द्या, रात्रीच्या सरावाचे दिवस सोडून. दुखायला लागल्यापासून पंधरवड्याच्या आत स्वतःहून सांगणाऱ्याचे विश्रांतीचे दिवस कोर्समधून ढकलण्याच्या हिशेबात धरू नका. शेवटच्या मागणीवर सगळ्यात जास्त विरोध झाला. तिचा गैरफायदा घेतील म्हणे. घेतील काही जण. त्यांना ओळखणं कठीण नाही, पाय आत फिरवल्यावर त्यांची जांघ दुखत नाही.

शुद्धीवर आल्यावर त्या कॅडेटने पहिल्यांदा विचारलं ते मार्च बुडाल्याचं: "सर, तो नंतर करता येईल ना?" आता तो खालच्या कोर्सबरोबर आहे, हाड जुळलंय, पोहणं आणि सायकल झाल्यावर पिट्टूशिवाय धावणं सुरू केलंय. वजन किती आणि कधी वाढवायचं याचा तक्ता मी स्वतः करून दिलाय. त्याच कोर्समधले आणखी दोघे परवा नडगी दुखते म्हणून आपणहून आले. दोघांनाही त्यानेच पाठवलं होतं. पहिल्या मागणीला तेवढी मंजुरी मिळाली आहे: या सत्रापासून वजनाचा पहिला मार्च नवव्या आठवड्यात.