टक्

रात्री साडेदहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून डिशवॉशरच्या दाराला कान लावून बसले होते. नवरा पाणी प्यायला आला, दोन क्षण बघत राहिला, म्हणाला, "श्वास चालू आहे ना त्याचा?" आणि दिवा मालवून झोपायला गेला.

मी वाट बघत होते ती एका 'टक्'ची.

आठवडाभर भांडी बाहेर येत होती ती ऊन ऊन, वाफाळती आणि ओशट. पेल्यावरून बोट फिरवलं की मागे रेघ उमटायची. दार उघडावं तर दाराच्याच आतल्या अंगाला असलेल्या साबणाच्या कप्प्याचं झाकण सताड उघडं, आणि आत साबणाची गोळी बसलेली, कडेकडेनं जरा विरघळलेली, बाकी शाबूत. झाकण उघडतंय म्हणजे यंत्र ठीक, मग दोष साबणाचा, असं माझं तर्कशास्त्र. गोळ्या बदलल्या. पाण्यावर संशय घेतला. फवाऱ्याचा पंखा काढून त्याची भोकं टूथपिकनं कोरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

एकदा वैतागून गोळी कप्प्यात न ठेवता सरळ तळाशी टाकली. भांडी आणखीच वाईट निघाली. नंतर कळलं की यंत्र आधी नुसत्या पाण्यानं भांडी विसळून घेतं आणि ते पाणी फेकून देतं. माझी गोळी त्या पाण्याबरोबर गटारात गेली होती. साबण यायचा तो दुसऱ्या, तापलेल्या पाण्यात. तोवर त्याला कोरडं, कोंडून ठेवायचं, एवढंच त्या कप्प्याचं काम. आपण हातानं घासताना आधी खरकटं विसळतो आणि मग साबणाला हात घालतो, तोच क्रम.

झाकण सोडण्याची युक्ती मला फार आवडली. बऱ्याच यंत्रांत तिथे मेण असतं. बोटभर नळकांडीत मेण, त्याला चिकटून छोटा हीटर. वीज मिळाली की मेण वितळतं, वितळताना फुगतं, आणि फुगलं की एक दांडी पुढे ढकलतं. दांडीनं खटका सुटतो, आणि स्प्रिंग झाकण उडवते. एवढ्या चकचकीत यंत्रात साबण कधी सोडायचा हे मेणबत्तीच्या भावंडानं ठरवावं! (काही यंत्रांत तिथे विजेचा चुंबक असतो. पण त्यात काय मजा?)

तर त्या रात्री, विसाव्या की बाविसाव्या मिनिटाला, पाण्याच्या सपकाऱ्यांतून स्पष्ट ऐकू आलं. टक्. मेण शाबूत, खटका शाबूत. मी विजयी मुद्रेनं झोपले. सकाळी पेले ओशटच.

फक्त या वेळी दार नेहमीसारखं खाडकन न उघडता हळूहळू ओढलं, आणि चोर सापडला. दार चार बोटं खाली आलं तेव्हा झाकण माझ्या डोळ्यांदेखत फट् करून उघडलं. म्हणजे रात्रभर ते उघडलंच नव्हतं! खटका सुटला होता, पण समोर खालच्या जाळीत उभं केलेलं मोठं ताट त्याला दाबून धरत होतं. दार उघडलं की ताट लांब, झाकण मोकळं, पुरावा नष्ट. रोज मीच दार उघडून तो नष्ट करत होते. ते ताट तिथे उभंही मीच केलं होतं, आणि "बघ, कसं बसवलं!" म्हणून नवऱ्याला दाखवलंही होतं.

जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी 1886 साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांनी आधी आपल्या बशा-पेल्यांची मापं घेतली आणि त्या मापांचे तारेचे कप्पे वळले. जिथलं भांडं तिथंच, मधे कोंबाकोंबी नाही. मला त्या बाईंनी एका दिवसात कामावरून काढलं असतं.

ताट हलवलं. तरी पुढचे दोन दिवस गोळी कप्प्याला चिकटून बसलेली, लिबलिबीत. आता झाकण तर खरोखरच उघडत होतं. यामागेही मीच. रोजच्या अपयशानंतर कप्पा ओल्या फडक्यानं लख्ख पुसायचा आणि लगेच नवी गोळी ठेवायची, असा माझा नेम झाला होता. गोळीचं आवरण पाण्यात विरघळणारं. ओल्या कप्प्यात ते आधीच गिळगिळीत होऊन चिकटायचं. स्वच्छतेचा एवढा सोस बरा नव्हे. कोरड्या फडक्यानं पुसलं, कोरड्या हातानं गोळी ठेवली, आणि सकाळी पेल्यावर बोट फिरवलं तर बोट करकरलं.

ते मोठं ताट मात्र आता हातानंच घासते. नवरा विसळतो.