ईपर जुने की नवे?

“ईपरमधल्या इमारती पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा बांधलेल्या आहेत, मग त्या शहराला ऐतिहासिक का म्हणायचे?” बेल्जियमला निघालेली मंडळी मला हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

तेराव्या शतकात ईपर हे ब्रुज आणि गेंट यांच्या तोडीचे शहर होते. इंग्लंडहून येणारी लोकर आणि तिच्यापासून विणलेले कापड यांवर त्याची भरभराट झाली, आणि त्याच पैशातून उभी राहिलेली कापडबाजाराची भव्य इमारत १३०४ मध्ये पुरी झाली. तिच्या पश्चिम अंगाला तेव्हा ईपरले नदी वाहत असे आणि मालाच्या होड्या थेट इमारतीला लागत. आता ती नदी जमिनीखालून जाते.

२२ नोव्हेंबर १९१४ रोजी जर्मन तोफगोळ्यांनी ही इमारत पेटली. मनोऱ्याची डागडुजी चालू असल्याने त्याला परांची बांधलेली होती, तिनेही पेट घेतला. पुढच्या चार वर्षांत जवळजवळ सगळे शहर भुईसपाट झाले. हे अवशेष जसेच्या तसे स्मारक म्हणून जपावेत, असे चर्चिल यांचे मत होते. पण परतलेल्या रहिवाशांना आपले गाव हवे होते, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. युद्धाआधी इमारतीच्या डागडुजीचे काम पाहणारे नगर-वास्तुविशारद कोमान्स यांना तिची खडान्‌खडा माहिती होती, त्यामुळे पुनर्बांधणी अंदाजाने करावी लागली नाही. ते काम थेट १९६७ पर्यंत चालले. मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबून दगड निरखून पाहा: खाली मध्ययुगीन चिरे अजून आहेत, त्यांच्या कडा झिजल्या आहेत, आणि त्यांच्यावर विसाव्या शतकातले रेखीव चिरे बसवलेले आहेत. जे शहर आपला इतिहास असा चिऱ्यावर चिरा ठेवून पुन्हा उभा करते, त्याला नकली म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तिथून पाचेक मिनिटांवर १९२७ मध्ये उभारलेले मेनिन गेट हे कमानीसारखे युद्धस्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी इथे क्लोरीन वायू सोडला, तेव्हा काही दिवसांतच ब्रिटिश हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला या आघाडीवर आणले गेले. मेनिन गेटवरची भारतीय सैनिकांची नावे अवश्य वाचा. त्यासाठी वेळ राखून ठेवा.