पिशव्यांशेजारची वीस मिनिटे

रविवार, रात्री उशिरा

परतीच्या प्रवासात गाडी सव्वा तास उशिरा येणार असल्याचे कळले, तेव्हा मी फलाटावरच्या एका बाकावर पुस्तक उघडून बसले. शेजारी साधारण सत्तरीच्या एक बाई होत्या आणि त्यांच्या पायाशी दोन फुगलेल्या कापडी पिशव्या होत्या. थोड्या वेळाने, जणू आमची जुनी ओळख असावी अशा सहजपणे, त्यांनी माझ्याकडे वळून "जरा लक्ष ठेवाल का? औषध घेऊन येते," असे म्हटले आणि माझ्या होकाराची पुरती वाट न पाहता त्या जिन्याच्या दिशेने निघूनही गेल्या.

पुढच्या वीस मिनिटांत माझ्या मनात जे काही चालले होते, ते प्रामाणिकपणे लिहायचे तर फारसे भूषणावह नाही. सुरुवातीला मला बरे वाटले. कोणीतरी आपल्याला विश्वासास पात्र समजले, याचा हलकासा अभिमानही वाटला. मग ध्वनिक्षेपकावरून बेवारस सामानाला हात न लावण्याची सूचना झाली आणि माझी नजर पिशव्यांकडे वेगळ्या रीतीने जाऊ लागली. यांत नेमके काय असेल, बाई परतल्याच नाहीत तर काय करायचे, परतल्यावर "यात अमुक वस्तू होती, ती दिसत नाही" असे म्हणाल्या तर माझ्या बाजूने कोण बोलणार, असे प्रश्न एकामागून एक येत गेले. बाराव्या-तेराव्या मिनिटाला तर माझी बॅग उचलून दोन बाक पलीकडे सरकावे, म्हणजे पिशव्या दिसतही राहतील आणि त्यांच्याशी माझा संबंध आहे असे कोणाला वाटणारही नाही, असा बेत मी जवळजवळ पक्का केला होता. अंग चोरण्यासाठी इतकी सोयीची जागा शोधताना माझी बुद्धी किती चपळ होते, हे एरवी मला कळले नसते.

बाई आल्या, धापा टाकत बसल्या आणि त्यांनी पिशव्या उघडूनही पाहिल्या नाहीत. न राहवून मी त्यांना विचारले, की ओळख नसताना त्यांनी आपले सामान माझ्यावर कसे सोपवले. माझ्या चेहऱ्याविषयी किंवा हातातल्या पुस्तकाविषयी चार चांगले शब्द ऐकायला मिळतील अशी माझी अपेक्षा होती, हे कबूल केले पाहिजे.

"मग काय करणार? दोन्ही घेऊन जिना चढवत नाही मला. आणि बाकावर तुम्हीच होतात."

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. औषधाची गोळी घेऊन झाल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितले, "एकदा गेलीय पिशवी. नुकताच विणून झालेला स्वेटर होता त्यात. तेव्हापासून पैसे, तिकीट आणि चष्मा अंगावर ठेवते. बाकीचं ठेवून जाते."

सोमवार

कालचे ते शेवटचे वाक्य डोक्यातून जात नसल्यामुळे आज कपाटातून जुन्या रोजनिश्या काढल्या. चौदा वर्षांपूर्वीची एक नोंद मला हवी होती आणि ती सापडायला दोन मिनिटेही लागली नाहीत, कारण ती तब्बल तीन पानांची आहे. एका गृहस्थाने आपले पाकीट चोरीला गेल्याचे सांगून माझ्याकडून प्रवासखर्चासाठी पैसे घेतले होते, कागदावर पत्ता लिहून दिला होता आणि पुढच्याच आठवड्यात तोच गृहस्थ त्याच जागी, त्याच शब्दांत, दुसऱ्या कोणाला तीच हकीकत सांगताना मला दिसला होता. त्याच्या सदऱ्याचा रंग, बोलताना कॉलर सारखी करण्याची सवय, पत्त्यातल्या अक्षराचे वळण, सारे काही मी नोंदवून ठेवले आहे. नोंदीच्या शेवटी, दोनदा अधोरेखित करून, यापुढे अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबायचे नाही, असा निश्चय लिहिला आहे.

त्याच वहीत पुढे एके ठिकाणी "रात्री रस्ता चुकले, एकाने घरापर्यंत सोबत केली" एवढेच लिहिलेले आहे. सोबत करणारा तरुण होता की वयस्क, तो किती वेळ माझ्याबरोबर चालला, त्याला परत किती लांब जावे लागले असेल, यांतले काहीही मी लिहिलेले नाही आणि आता मला आठवतही नाही. फसवणाऱ्याला तीन पाने आणि सोबत करणाऱ्याला अर्धी ओळ, असा हा माझा हिशेब आहे, आणि "माझा स्वतःचा अनुभव सांगते" असे म्हणून मी आजवर ज्यांना शहाणपणा शिकवला, त्यांना याच वहीच्या आधारे शिकवला.

आणखी मोठी गफलत मात्र न लिहिलेल्या पानांत आहे. निश्चयानंतरच्या वर्षांत ज्यांना मी "माफ करा" म्हणून वाटेला लावले, त्यांतले किती जण खरोखर अडचणीत होते, हे मला कधीच कळणार नाही. विश्वास ठेवला आणि तो चुकला तर शिक्षा ताबडतोब मिळते. विश्वास नाकारला आणि ते चुकले तर काहीच घडत नाही, म्हणून ती चूक कुठे नोंदलीही जात नाही. डेटलेफ फेटशेनहाउअर आणि डेव्हिड डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नेमके हेच तपासले होते. सहभागी व्यक्तींना अपरिचितांच्या छोट्या चित्रफिती दाखवून, पैशांच्या एका खेळात यांच्यावर विश्वास ठेवाल का, असे विचारले गेले, आणि समोरच्यांच्या प्रामाणिकपणाचा अंदाज एकंदरीने कमीच केला गेला. मग ज्यांना प्रत्येक व्यक्ती प्रत्यक्षात कशी वागली हे सांगण्यात आले, त्यांचे अंदाज सुधारले. ज्यांना फक्त स्वतः विश्वास ठेवलेल्यांपुरतेच कळत गेले, त्यांचा संशय होता तेथेच राहिला. आयुष्यात मात्र आपल्या सर्वांना हा दुसराच गट मिळतो.

आणखी एका मोठ्या प्रयोगाची आठवण झाली. अलेन कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० देशांतील ३५५ शहरांत १७,००० हून अधिक पाकिटे "रस्त्यात सापडले" असे सांगून बँका, हॉटेले, टपाल कार्यालये अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली आणि मालकाशी संपर्क कितींनी साधला ते मोजले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पैसे नसलेल्या पाकिटांसाठी हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, तर पैसे असलेल्या पाकिटांसाठी ५१ टक्के. असे घडेल याचा अंदाज तज्ज्ञांनाही आला नव्हता. अर्थात ५१ टक्के म्हणजे जवळजवळ निम्मी पाकिटे गेलीच, हेही मी डोळ्यांआड करू इच्छित नाही. एकटीने रात्रीचा प्रवास करणाऱ्या बाईला संशय ही काही वेळा चैन नसते, गरज असते, आणि सर्वांवर भाबडा विश्वास ठेवा असे सांगणाऱ्याला बहुधा तसे प्रवास करावे लागत नसावेत.

न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, ज्ञानाची चार प्रमाणे, म्हणजे साधने, मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्या गृहस्थाने मला फसवले, हे प्रत्यक्ष होते. अनोळखी माणसे फसवतात, हे मी काढलेले अनुमान होते आणि तेही एका उदाहरणावरून. तरी चौदा वर्षे मी त्याला अनुभव हेच नाव देत आले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो इतके तरी ठीक, मी ताक पिणेच सोडले होते. बाईंची पिशवी गेली तेव्हा त्यांनी त्यातून शिकण्यासारखे होते तेवढेच घेतले: पैसे, तिकीट आणि चष्मा अंगावर ठेवायचे. माणसांविषयी सिद्धान्त मांडायला त्या बहुधा रिकाम्या नव्हत्या.

चौथ्या प्रमाणातली एक गोष्ट मला आज विशेष वाटली. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. मराठीत आप्त म्हटले की नातेवाईक डोळ्यांपुढे येतात, परंतु न्यायसूत्रांवरील, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथावरील, भाष्यात वात्स्यायनाने दिलेल्या व्याख्येत नात्याचा उल्लेखही नाही. ज्याने एखादी गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त; आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे काल वीस मिनिटांपुरती का होईना, मी एका आप्ताच्या सामानापाशी बसले होते आणि तिथून पळून जाण्याची जागा शोधत होते.

झोपण्यापूर्वी एवढे लिहून ठेवते. बाईंच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली होती. एका पिशवीच्या बंदाला निळ्या लोकरीची गाठ मारलेली होती, बहुधा ओळखू यावी म्हणून. त्यांनी माझे नाव विचारले नाही आणि मीही त्यांचे विचारले नाही. गाडी आल्यावर मी एक पिशवी डब्यात चढवून दिली, तेव्हा त्यांनी "बसा आता, दमलात" असे मलाच सांगितले आणि मग खिडकीशी बसून, बोट लावत, दोनच असलेल्या पिशव्या एकदा मोजून घेतल्या.