पोदेर सर

‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. शाळेनं पुष्कळ दिलं. गणिताच्या टीचरनी प्रमेयं घोटून घेतली म्हणून पुढे इंजिनांची आकडेमोड जमली, आणि पीटीच्या सरांनी पावसात पळवलं म्हणून जहाजावरची थंडीवाऱ्यातली पाळी झेपली. पण मला एकाच माणसावर लिहायचंय. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. त्यांच्यावर लिहिणारे आमच्या तुकडीत आहेत, आणि ते माझ्यापेक्षा वेळेवर मजकूर देतात.

आमच्या वेळच्या कुणाला नाव सांगायची गरज नाही. इतिहास आणि मराठी शिकवणारे, काळ्या सायकलवरून येणारे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग असलेले पोदेर सर. हे टोपणनाव प्रेमानं पडलं नव्हतं, हे आता छापायला हरकत नसावी. पोदेर म्हणजे पाव विकणारा, सायकलवर टोपली बांधून सकाळी पोंपों करत फिरणारा. सर किरिस्तांव, सर सायकलवर, म्हणून पोदेर. सरांचा पाव विकण्याशी काडीचा संबंध नव्हता. वडील दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, लोटलीला शेती करत आणि घरात तीन पिढ्या मास्तरकी होती.

अख्ख्या स्टाफरूममध्ये ते एकटेच ख्रिस्ती. आम्ही मुलं वेलिंग, प्रियोळ, मार्दोळ, कवळे, बांदोडे इथली. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी एकच गोष्ट वेगवेगळ्या देवाच्या नावानं सांगितली जायची: पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, देऊळ मोडायच्या आत आपल्या पूर्वजांनी रातोरात देवाला नदीपार आणलं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, आमचा लक्ष्मीनरसिंह सांकवाळहून वेलिंगला आला. आजीनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितलेली की सरांना पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा वाटलं, हा त्यांच्यातला. सर आणि देवळं मोडली ते १५६७ साल यांच्यामध्ये चारशे वर्षं आहेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फोंड्यात ते खोली घेऊन राहायचे. घरमालकाची अट होती की खोलीत मासमासळी शिजवायची नाही. सरांनी ती अट शेवटपर्यंत पाळली आणि शनिवारी शाळा सुटली की बोरीच्या पुलावरून घरी जाऊन हुमण जेवले. मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ते झटकन खुरसाची, म्हणजे क्रुसाची, खूण करत: कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. सरांची ही खूण इतकी चटकन होई की माशी हाकलली असं वाटावं. मुलांनी त्याची नक्कल उचलली. डबा उघडताना दहा-बारा जण एकदम तसं करून खिदळायचे. सर जेवत राहायचे.

तो तास १९८५ च्या जुलैतला. नववी अ, पिंपळाकडची खोली, जिथे आता संगणक कक्ष आहे. कौलांवर पाऊस असा की फळ्यापाशी बोललेलं मागच्या बाकावर पोचू नये. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘कुंकळ्ळी, १५ जुलै १५८३’, आणि मागून आवाज आला, पोंऽपों. कुणीतरी खरोखरच पोदेराचा रबरी भोंगा आणला होता. सर लिहीत राहिले. पुन्हा पोंपों. तिसऱ्या वेळी फळ्याकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, “उंडे आहेत, पोयी आहे, कातरे पाव आहेत. कुणाला किती देऊ?” वर्ग फुटला. सरही हसले. खडू ठेवून ते टेबलाच्या कडेला बसले आणि पाव गोव्यात कसा आला ते सांगू लागले. पाद्रींना मिशेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, पाव हवा, पण इथे यीस्ट नाही, मग माडाची सूर (माडी) घालून पीठ फुगवायची युक्ती. मग साष्टीच्या गावांतून भट्ट्या कशा पसरल्या, वगैरे.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला एक जण उभा राहिला. पुढे तो मोठा वकील झाला, त्यामुळे नाव घेत नाही. म्हणाला, “सर, तोच पाव विहिरीत टाकून आमच्या लोकांना बाटवलं ना?”

हसू थांबलं. आम्हाला वाटलं, आता सर चिडतील, किंवा मुख्याध्यापकांकडे नेतील. सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. हे त्यांचं नेहमीचं.

“पाव टाकल्याचा कागद मी पाहिलेला नाही,” ते म्हणाले. “देवळं मोडल्याचे कागद आहेत. ते मोडणाऱ्यांनीच लिहिलेत, अभिमानानं, एकेक देऊळ मोजून. तू विचारतोस त्यापेक्षा जास्त त्यात आहे. बस खाली, आज तेच करू.”

आणि त्यांनी साष्टीतल्या कुंकळ्ळी गावाची गोष्ट सांगितली. इगर्ज (चर्च) बांधायला जागा पाहायला गेलेले जेझुइट संघाचे पाच धर्मप्रचारक, त्यांचा म्होरक्या रुदॉल्फ आक्वाविवा, ज्यानं त्याआधी काही वर्षं अकबराच्या दरबारात काढली होती, त्याआधी सैन्यानं मोडलेली गावातली देवळं, चिडलेले गावकार (गावचे मूळ वतनदार), ते पाच जण मारले गेले. इथे पुस्तक संपतं, सर म्हणाले, पण गोष्ट संपत नाही. नंतर गावकारांच्या म्होरक्यांना बोलणी करायच्या मिषानं असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे ठार केलं. पाचांना पोपनं १८९३ साली धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या एक पायरी खाली, म्हणून जाहीर केलं. “त्या पाचांसाठी मी प्रार्थना म्हणतो,” सर म्हणाले. “ते हत्यार घेऊन गेले नव्हते. पण हत्यार त्यांच्या आधी जाऊन आलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. परीक्षेत दोन्ही मरणं लिहायची. एकच लिहिलं तर अर्धे गुण.” त्यांनी खरंच अर्धे कापले. त्यात मीही आलो, पण ते सोडा.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमचा देव कुठला रे?”

“वेलिंगचा. लक्ष्मीनरसिंह.”

“मूळचा?”

“सांकवाळचा.”

“त्याच सांकवाळातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो,” म्हणाले, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

तो माणूस जुझे वाझ. १६५१ साली जन्मला, आजोळी बाणावलीला; वडिलांचं घर सांकवाळचं. पाद्री झाला, पण गोऱ्या पाद्रींच्या संघांत गोंयकाराला जागा नव्हती, म्हणून इथल्याच काही पाद्रींबरोबर जुन्या गोव्यात राहू लागला. तेव्हा सिलोनचा किनारा डचांकडे होता. डच ख्रिस्तीच, पण वेगळ्या पंथाचे. त्यांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली. पाद्रीला घरात घेतला तर घरमालकाचाही जीव धोक्यात. तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं मीस मिळालेली नव्हती. १६८७ साली हा वाझ मजुराचे फाटके कपडे घालून, अनवाणी, सोबत एका गड्याला घेऊन तिथे उतरला. उतरतानाच हगवणीनं मरायला टेकला. बरा झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरायचा आणि भीक घालणाऱ्याची नजर माळेवर थबकते का ते पाहायचा. नजर थबकली की समजायचं, हे आपलं घर.

हे सांगताना सरांनी खिशातून स्वतःची काळ्या मण्यांची जपमाळ काढली. तोपर्यंत आम्ही ती कधी पाहिली नव्हती. टेबलावर ठेवली आणि बोलत राहिले.

पुढे वाझ डोंगरातल्या कँडीच्या राज्यात गेला. राजा बौद्ध. पोर्तुगिजांचा हेर म्हणून त्याला कोठडीत टाकलं. कोठडीत तो सिंहली शिकला. १६९७ साली कँडीत देवी आल्या. लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, राजासुद्धा शहर सोडून गेला. वाझ आणि त्याचा भाचा मागे राहिले, रोग्यांना खाऊ घालत, मेलेल्यांना पुरत. त्यात कोण बौद्ध, कोण ख्रिस्ती, पाहिलं नाही. ज्या राजानं कोंडलं त्याच राजानं मग आसरा दिला. १७११ साली तो कँडीतच वारला. गोव्याला परत आला नाही.

“इथे पाद्रीच्या मागं सोजीर होता,” सर म्हणाले. “तिथे वाझच्या मागं कुणी नव्हता. पाखल्यांचा राजा नाही, कायदा नाही, तोफ नाही. माझा धर्म मला तिथे दिसतो.”

आमचा भावी वकील पुन्हा उठला. “म्हणजे त्यानं तिथे बाटवलं नाही?”

“लोक त्याच्याकडे आले ते कायदा मोडून. सापडलो तर फटके बसतील, घरदार जाईल, हे ठाऊक असताना. इथल्यात आणि त्यात फरक आहे की नाही, ते घरी जाऊन ठरव.”

भोंगा कुणाचा होता, हे सरांनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात संस्थेकडे निनावी पत्र गेलं, की हे गृहस्थ वर्गात धर्मप्रचार करतात. ही हकिगत मला शाळेच्या जुन्या शिपायांनी सांगितली. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला तेव्हा सरांनी एक ओळ लिहून दिली: ‘ज्यांना शंका आहे त्यांनी माझ्या तासाला येऊन बसावे.’ एक पालक खरोखर आले, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून मागच्या बाकावर बसले. त्या दिवशी धडा इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्म नीट पाळत नाहीत अशांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा होता, १५६० ते १८१२. सरांनी काही वगळलं नाही. १७३६ च्या फर्मानात अंगणात तुळस नको, भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, असं काय काय होतं ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, “हे फर्मान ज्यांच्यासाठी काढलं ते बाप्तिस्मा झालेले लोक होते. तुळस ठेवली म्हणून धरले गेले ते माझे पणजोबा-खापरपणजोबा. ते विसरायला मी काय वेडा आहे?” पालक तास संपल्यावर छत्री उघडून गेले. पत्रं मात्र बंद झाली नाहीत.

दुसऱ्या बाजूनंही त्यांना सुख नव्हतं. आम्ही दहावीला असताना गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, यावरून आंदोलन पेटलं. डिसेंबर १९८६ मध्ये रस्त्यांवर झाडं आडवी पडली, माणसं मेली. फोंड्यात मराठीचा जोर, साष्टीत कोकणीचा. घरी गेलं की लोक सरांना विचारत, तू त्यांच्यात जाऊन मराठी कशाला शिकवतोस? आणि इकडे शाळेच्या कुंपणावर कोळशानं लिहिलेलं दिसलं: ‘पोर्तूगीजांच्या पिलावळीने लिस्बनला जावे.’ सर सायकल टेकवून थांबले, खिशातला खडू काढला, ‘पोर्तूगीजांच्या’ खोडून वर ‘पोर्तुगिजांच्या’ लिहिलं, आणि आत आले. त्याच दिवशी आम्हाला थॉमस स्टीफन्सवर टिपण दिलं. १५७९ साली इथे आलेला इंग्रज जेझुइट, कुंकळ्ळीत मेलेल्या आपल्याच सोबत्यांची प्रेतं मिळवण्यासाठी खटपट करणारा, आणि मग रागानं पेटून न उठता इथल्या लोकांच्या बोलीत अन् ओवीत ख्रिस्तपुराण रचणारा. ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं, मराठीत, रोमी अक्षरांत. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला आणि मार्चमध्ये आमची परीक्षा. मराठीत मला ज्या गुणांचं आजही कौतुक आहे ते त्या टिपणाचे.

मी पुढे जहाजावर गेलो, आता चीफ इंजिनियर आहे. सांगण्यासारखं एवढंच की आपल्या शाळेतल्या मुलाला जगातल्या कुठल्याही इंजिनरूममध्ये कमीपणा वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर जुझे वाझना संत जाहीर केलं. त्यानंतर काही महिन्यांनी आमचं जहाज तिथल्या बंदरात लागलं. संध्याकाळी त्या मैदानावर पोरं पतंग उडवत होती, गाड्यांवर कोळंबीचे वडे तळत होते. मी तिथूनच सरांना फोन लावला. “कँडीला गेलास?” हा पहिला प्रश्न. म्हटलं, सर, रात्रीच निघायचंय. “तो चालत गेला होता रे,” म्हणाले, आणि वड्याची किंमत विचारली.

२०१७ च्या पावसाळ्यात दक्षिण गोव्यात खुरीस मोडल्याच्या, कुडचड्याच्या कबरस्तानात नासधूस झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हाही फोन केला. मला संताप आला होता. सर शांत. “पोलीस बघतील. आमच्या वाड्यावरच्या खुरसाला रोज मेणबत्ती लावणारी बाई तुमच्यातली आहे. काल पावसात विझली म्हणून दोनदा आली.” मग माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी केली.

सर २०२१ च्या मे महिन्यात गेले. कोविडचे दिवस, आम्हाला कुणालाच जाता आलं नाही.

आता कुंकळ्ळी व्हॉट्सॲपवर चार ओळींत येते. आमच्या देवळाच्या महाजनांच्या गटावर चार ओळी वेगळ्या, माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्यांच्या गटावर वेगळ्या. दोन्हीकडे एकेकच मरण लिहिलेलं असतं. मी दोन्हीकडे दुसरं टाकतो. एका गटातून मला काढलंय.

आम्ही १९८७ च्या तुकडीनं वर्गणी काढून ग्रंथालयाला गोव्याच्या इतिहासाच्या पुस्तकांचं एक कपाट द्यायचं ठरवलंय. भोंगावाल्यानंही वर्गणी दिली, सर्वांत मोठी, पण नाव छापू नका म्हणाला. पुस्तकांची यादी सरांच्या मुलीनं त्यांच्या वह्यांवरून काढून दिली आहे, ती मुख्याध्यापकांकडे पोचली असेल. कपाट लाकडी आहे. ग्रंथालयाच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते, तेव्हा कृपा करून ते दुसऱ्या भिंतीला ठेवावं.