शुक्रवारी शाळा असते?

"शुक्रवारी शाळा असते?"

निवाऱ्यात आज नाव नोंदवताना दहा वर्षांच्या मुलाने एवढंच विचारलं. गोव्यातल्या म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, पिशव्या विकायचा त्याचा मोठा दिवस.

शाळेत प्रवेश मिळेल. जन्मदाखला नाही म्हणून २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने कुणी नाकारू शकत नाही. वयाप्रमाणे वर्ग आणि मागे राहिलेलं भरून काढायला किमान ३ महिने, गरज असेल तर २ वर्षांपर्यंत विशेष प्रशिक्षण. हे प्रशिक्षण टाळून थेट चौथीत बसवलं की बिघडतं. घरी कन्नड किंवा लमाणी, बाजारात मोडकी कोंकणी-हिंदी, फळ्यावर मराठी. मूल अक्षरं नुसती उतरवतं. वही सुबक भरलेली असते, पण एक ओळ वाच म्हटलं की मान खाली जाते. अशीच मुलं आधी शाळा सोडतात.

आणि शुक्रवारची कमाई? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत मुलांसाठी दरमहा आर्थिक मदत असते, तिला प्रायोजकत्व म्हणतात. त्यात अशा घराला मुलामागे महिना ४,००० रुपये मिळू शकतात. अर्ज मात्र शाळेच्या पहिल्या दिवसाआधी जायला हवा, नंतर नव्हे.

पोर जाताना म्हणालं, "मग आईला पैसे कोण देणार?"

प्रवेशाच्या अर्जात हा रकाना का नसतो?